न विचारता उघडलेली फाईल

१

सकाळी पावणेआठला आम्ही काचेच्या कारखान्यात पोचलो, तेव्हा मेलेल्या माणसाच्या गळ्यातून अजून रक्त वाहतंय असं मला वाटलं. वाहत नव्हतं. वरचा दिवा वाऱ्यानं हलत होता आणि त्याची तिरीप ओल्या फरशीवरून फिरत होती, एवढंच.

कापणीच्या दालनात, मोठ्या यंत्राच्या पायाशी तो उताणा पडला होता. डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत गळा फाटलेला. छातीवर, केसांत, अगदी उघड्या डोळ्यांतही काचेचा चुरा. शेजारी काचा उभ्या करायची लाकडी घोडी होती आणि तिच्यावरची पुढची काच नाहीशी झाली होती. यंत्राजवळच्या कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला होता. त्यावर एकच ओळ होती : तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं आहे.

"वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचंही असंच झालंय," मालक म्हणाले. सत्तरीचा माणूस, हातांवर जुन्या जखमांचे पांढरे वण. हातानं काच कापत कापत मालक झालेला. "ई-मेलला जोडून कसलीतरी फाईल आली असेल. यानं ती उघडली. विषाणू सुटला. घाबरून यंत्र बंद करायला खाली धावला असेल, घोडीला धक्का लागला आणि काच अंगावर आली. स्वतः मेला तो मेला, आम्हा साठ माणसांनाही मारून गेला."

कारखान्याची ई-मेल पाहायचं काम मेलेल्या माणसाकडे होतं. बाहेरून येणारी प्रत्येक फाईल तो गाळून घ्यायचा, म्हणून सगळे त्याला चाळणी म्हणत. आता दाराशी जमलेले कामगार त्याला जे म्हणत होते ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या तपास अधिकारी बाई प्रेताजवळ उकिडव्या बसल्या होत्या. बाई बोलतात कमी. ती कसर मी भरून काढतो.

"अपघातच दिसतो," मी म्हणालो. "उघड आहे."

"तुम्हाला सगळंच उघड असतं," बाई म्हणाल्या. "परवा ऑफिसात बक्षिसाची फाईल आली, तीही तुम्हीच उघडली होती."

तेवढ्यात बाहेर कोणीतरी ओरडलं, "चला रे चाळणीच्या घरी!" आणि तीस-चाळीस बूट एकदम फाटकाकडे धावले.

२

चाळणीच्या घरी दोन शिपाई पाठवून आम्ही मालकांच्या खोलीत बसलो. टेबलावर जाड काच होती. खाली लेकीच्या लग्नाचा फोटो, गिऱ्हाइकांची कार्डं, पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठोऱ्या, असा वर्षानुवर्षांचा पसारा. मी चहाचा कप त्या काचेवर ठेवला, तर मालकांनी बाप मेल्यासारख्या चेहऱ्यानं तो उचलला, खालचा ओला गोल रुमालानं पुसला आणि कप परत तिथेच ठेवला. काचवाल्याची सवय.

"दहा वर्षांपूर्वी असाच विषाणू आला होता," ते म्हणाले. "काच कापायच्या नकाशांच्या सगळ्या फायली गेल्या. महिनाभर कारखाना बंद. तेव्हा मीच नियम केला. फाईल आली की आधी पाठवणाऱ्याला फोन करायचा. तुम्हीच पाठवली का? किती पानांची आहे? त्याचा होकार चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी टेबलावरच्या उभ्या सुईला टोचायची आणि मगच फाईल उघडायची. दहा वर्षं यानं नियम पाळला. दुधानं तोंड पोळलं होतं, ताकही फुंकून प्यायचा. आज कुठे अक्कल गेली कोण जाणे."

"काल तो तुम्हाला भेटला होता?"

"नाही. मी पाचलाच घरी गेलो. आज साडेसातला भोंग्याबरोबर आलो तर हे असं."

मालकांचे जावई दारात उभे होते. कारभार तेच बघत. शर्टाचं वरचं बटण ते सारखं लावत होते आणि काढत होते.

"वरचा आणि खालचा कॉम्प्युटर मीच मागच्या वर्षी वायरीनं जोडून घेतले," ते म्हणाले. "चाळणीकाका नको म्हणत होते. नकाशा कागदावर छापायचा आणि खाली जाऊन हातानं परत भरायचा, असली त्यांची तऱ्हा. वायर नसती तर खालचा वाचला असता. माझंच चुकलं." थोडं थांबून ते म्हणाले, "पण काल दुपारी भट्टीवाल्यानं काकांची कॉलर धरली होती. मान मोडीन म्हणाला. हे तुम्हाला कळायला हवं."

"मागच्या दाराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे असतात?"

"चाळणीकाका, मामंजी, मी आणि भट्टीवाला. काका सातला यायचे, सगळ्यांच्या आधी."

"आणि खालच्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं?"

जावई मालकांकडे बघायला लागले. उत्तर मालकांनीच दिलं. दीड महिन्यापूर्वी एका शाळेत जिन्याच्या कठड्याची काच फुटली होती आणि नऊ वर्षांची मुलगी तिसऱ्या मजल्यावरून खाली पडून मेली होती. काच इथली होती. भट्टीत तापवून कडक केली, असा शिक्का तिच्यावर होता. ती खरोखर तापवली होती की नाही, याची नोंद खालच्या कॉम्प्युटरमध्ये होती. चौकशीचे अधिकारी ती नोंद न्यायला आज दहा वाजता येणार होते.

बाई उठून खाली गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पिशवीभर चुरा होता आणि दुसऱ्या हातात, कागदात गुंडाळलेली, वीतभर लांब काचेची पात. पातीवर रक्त वाळलं होतं.

"भट्टीतली काच फुटली की तिचा असा चुरा होतो. खडीसाखरेसारखा," त्या म्हणाल्या. "त्यानं ओरखडा येईल, गळा चिरत नाही. हा चुरा बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचा आहे. त्याच्याखाली ही पात मिळाली. ही पाच मिलिमीटरची, साध्या काचेची. चाळणी आधी मेला. काच त्याच्यावर नंतर पाडली."

जावयांच्या हातात शर्टाचं बटण तुटून आलं.

३

चाळणीच्या घराची एकही खिडकी शाबूत नव्हती. आयुष्यभर काच सांभाळणाऱ्या माणसांनी नेम धरून एकेक तावदान फोडलं होतं. त्याची बायको जमिनीवर बसली होती. कपाळावर दगड लागून भुवई फाटलेली, पदर रक्तानं चिकटलेला. नवरा मेल्याची बातमी आणि दगड, दोन्ही तिला एकदमच मिळाले होते. मला त्या माणसांचा इतका संताप आला की शिपायांना उगीचच शिव्या दिल्या.

लेक आईच्या जखमेवर फडकं दाबून बसली होती. ती दवाखान्यात टायपिंग करायची.

"लोक म्हणतात, बाबांनी साठ घरं उघड्यावर आणली," ती म्हणाली. तिनं फडक्याची घडी बदलली. "साहेब, माझे बाबा गेले ते गेले. पण हे असलं नाव घेऊन मी त्यांना जाळू देणार नाही. बाबा न विचारता फाईल उघडत नाहीत. माझीसुद्धा नाही! मागच्या वाढदिवसाला मी त्यांना आमच्या तिघांचा फोटो पाठवला, तर दवाखान्यात फोन. 'तूच पाठवलंस का? किती पानं?' म्हटलं, बाबा, फोटो आहे, त्याला कसली पानं? म्हणाले, 'मग एक पान. लिहितो.'"

तिची आई रडता रडता हसली. मग परत रडायला लागली.

"आज चौकशीच्या साहेबांना सगळं सांगणार होते ते," लेक म्हणाली. "शाळेच्या काचांबद्दल."

"काय सगळं?"

"मला नाही सांगितलं. नुसतं म्हणाले, त्या पोरीच्या काचेचा आकडा माझ्या वहीत नाही."

बाईंनी मधल्या वेळात काल कोणाकोणाची ई-मेल आली याची यादी ई-मेल पुरवणाऱ्या कंपनीकडून मागवली होती. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी एका घरं बांधणाऱ्या ठेकेदाराच्या नावानं एक आली होती, जोडलेल्या फाईलसकट. बाईंनी ठेकेदाराला फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा ठेवला.

"हो, त्यांचा फोन आला होता काल," ठेकेदार म्हणाला. "साडेपाचला. किती पानं पाठवलीत, म्हणे. मी म्हटलं, अहो, मी काहीच पाठवलेलं नाही. माझ्या नावानं दुसरंच कोणीतरी पाठवतंय. ते म्हणाले, बरं झालं विचारलं, हे विष आहे."

फोन बंद झाला. चाळणीला आदल्या संध्याकाळीच माहीत होतं. मग ते विष उघडलं कोणी?

४

ई-मेलची खोली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. एक खुर्ची, एक कॉम्प्युटर, एक फोन आणि चिठ्ठ्यांनी गच्च भरलेली उभी सुई. मी चिठ्ठ्या चाळल्या. सगळ्या होकाराच्या, तारीख-वेळ-पानं यांसकट. कालच्या साडेपाचची नव्हती.

"खुन्यानं नेली," मी म्हणालो.

बाईंनी ऐकलं नाही. त्या वायरीच्या मागे लागल्या होत्या. वायर कॉम्प्युटरमधून निघून भिंतीच्या भोकात शिरत होती. आम्ही खाली आलो. खाली ती लोखंडी कपाटामागे उतरत होती. कपाट जड होतं, मला एकट्याला हलेना. भट्टीवाला बघत उभा होता, धिप्पाड, मनगटापर्यंत कातडी हातमोजे घातलेला. त्यानं खांदा लावून ते सरकवलं.

कपाटामागे वायर तुटलेली होती. स्वच्छ कापलेली, टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली, आणि त्या पट्टीवर बोटभर धूळ.

"चाळणीनं कापली," भट्टीवाला म्हणाला. "जोडली त्याच आठवड्यात. कपाट मीच हलवलं होतं. म्हणाला, जावईबापूंना सांगू नकोस, त्यांचा उत्साह मोडेल."

जावई मागेच उभे होते. "वर्षभर मला वेड्यात काढलंत?" असं ओरडून ते भट्टीवाल्यावर धावले. भट्टीवाल्यानं एकच ठोसा मारला. जावई घोडीवर आपटले, ओठ फुटला, दात फरशीवर पडला. तरी ते परत उठले. मी मध्ये पडलो आणि दोघांचा मार खाल्ला. उगीच नाही म्हणत, दोघांचं भांडण तिसऱ्यानं सोडवू नये.

बाई वायरीचं टोक हातात धरून शांतपणे उभ्या होत्या.

"रोग स्वतः चालत नाही," त्या म्हणाल्या. "वर फाईल उघडली तर विष वरच राहायला हवं होतं. वायरच नव्हती. ते खाली आलं, म्हणजे कोणीतरी ते पेनड्राइव्हवर घेऊन, जिना उतरून, हातानं इथे घातलं. कारण त्याला नष्ट करायच्या होत्या त्या नोंदी इथे होत्या. वायर आहे असं त्याला वाटत होतं. जगालाही तेच वाटेल असा त्याचा हिशेब होता."

त्या भट्टीवाल्याकडे वळल्या.

"तुम्हाला वायरीचं माहीत होतं. हा हिशेब तुमचा नव्हे. पण काल चाळणीची कॉलर का धरलीत?"

भट्टीवाल्यानं हातमोजे काढले. त्याच्या तोंडावर घाम होता, भट्टी थंड असूनही.

"सांगितलं तर मी तुरुंगात जाईन," तो म्हणाला.

५

"शाळेच्या काचा भट्टीत गेल्याच नाहीत," भट्टीवाला सांगू लागला. "भट्टी बिघडली होती. दुरुस्तीला आठवडा लागणार होता आणि शाळा उघडायची तारीख ठरलेली. वरून निरोप आला, नुसता शिक्का मारून पाठवा. मी मारला. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं? चाळणीच्या वहीत भट्टीत गेलेल्या काचांचे आकडे असायचे. त्यानं काल विचारलं, शाळेच्या काचांचा आकडा कुठाय? मी त्याची कॉलर धरली. त्याच्यावर नव्हता राग माझा."

"निरोप कोणाकडून?"

"टेबलावर कागद असायचा. 'शिक्का मारा.' सही नाही. मालक असतील, जावईबापू असतील. मी विचारलं नाही. चाळणी असता तर त्यानं विचारलं असतं." त्यानं नाक पुसलं. "त्याच खेपेतल्या चार काचा उरल्या होत्या, शिक्का मारलेल्या. त्या याच घोडीवर होत्या. पोर मेली आणि मला झोप येईना. भट्टी दुरुस्त झाल्यावर मी त्या चारही कोणाला न सांगता तापवून घेतल्या. मेलेलं माणूस त्यानं परत येत नाही, माहीत आहे मला."

बाई एकदम ताठ झाल्या. मी त्यांना चार वर्षं ओळखतो. त्या अशा ताठ झाल्या की मी वही काढतो.

"या घोडीवरची काच पाडून कोण गळा कापल्याचं दाखवेल?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणजे?"

"शिक्क्याची काच कडक असते, तिचा चुरा होतो, हे इथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. अशा काचेनं गळा चिरला, असं इथला कोणताही माणूस रचणार नाही. खुन्यानं मात्र नेमकी हीच काच निवडली. कारण शिक्का खोटा आहे, आत साधी काच आहे, हे त्याला माहीत होतं. तिच्या लांब पाती पडतील, त्यात आपली पात मिसळून जाईल, अशी त्याची खात्री होती. चुरा झाला तेव्हा तो चक्रावला असेल. पण भोंगा व्हायची वेळ झाली होती." त्यांनी भट्टीवाल्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या तापवल्या होत्या, तुम्हाला चुराच होणार हे माहीत होतं. तेव्हा खुनी तो, ज्यानं 'शिक्का मारा' लिहिलं."

दोघं उरले. मालक आणि जावई.

"चाळणीच्या लेकीला बोलवा," बाई म्हणाल्या.

६

मालकांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. फुटलेल्या ओठाला रुमाल लावून जावई, दाराशी भट्टीवाला, खुर्चीत मालक. मला पुन्हा चहा मिळाला होता आणि मी तो मघाच्याच जागी ठेवला होता. लेक उभीच राहिली.

"एक सांगा," बाईंनी तिला विचारलं, "होकाराची चिठ्ठी सुईला जाते. नकाराची कुठे जाते?"

"ती सुईला नाही जात," लेक म्हणाली. "कोण विष पाठवतंय ते मालकांना कळायला हवं, म्हणून ती त्याच दिवशी त्यांच्या हातात द्यायची. मालक त्यावर तांबड्या पेन्सिलीनं 'पाहिलं' लिहून सही करतात. बाबा घरी सांगायचे, आज मालकांची सही घेतली."

"मला काल काही मिळालं नाही," मालक म्हणाले. "म्हटलं ना, मी पाचला गेलो."

"आणि सही केल्यावर त्या चिठ्ठ्या ठेवता कुठे?"

मालकांची नजर खाली गेली, टेबलाकडे, आणि लगेच वर आली. तेवढं पुरलं.

"तुमचा कप उचला," बाई मला म्हणाल्या.

मी उचलला. काचेखाली, लग्नाच्या फोटोला टेकून, एक चिठोरी होती. बारीक पेन्सिलीचं अक्षर : कालची तारीख, पाच-तीस, ठेकेदाराचं नाव, 'पाठवली नाही म्हणाले. विष आहे. उघडायची नाही.' आणि खाली तांबड्या पेन्सिलीनं : पाहिलं. सही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळपासून मी तिच्यावर चहा पीत होतो. दहा वर्षं मालक काचेची कड उचलून चिठ्ठी आत सारत होते. कालही हात सवयीनं चालला. जे रोज डोळ्यांसमोर असतं ते माणसाला दिसेनासं होतं.

"विष नशिबानं आलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मागवलं नव्हतं. पण ही चिठ्ठी वाचली आणि तुम्हाला वाट दिसली. चौकशीच्या आधी नोंदी जातील आणि नाव चाळणीचं होईल. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन वर फाईल उघडली. खालचा पडदा लाल होईना, म्हणून पेनड्राइव्ह खाली नेलात. तेवढ्यात सात वाजता तो आला."

"प्लग काढायला धावला," मालक म्हणाले. आवाज अगदी साधा होता, कामाबद्दल बोलल्यासारखा. "म्हटलं, सोड. सोडेना. म्हणाला, 'मालक, नियम तुमचा आहे.' माझ्या हाताशी काचेची कापलेली पट्टी होती. मी काही ठरवलं नव्हतं. बारा काचा गेल्या शाळेला, बारा! एकच फुटली."

"मामंजी," जावई म्हणाले आणि भिंतीला टेकले.

लेक पुढे झाली. "एकच?" ती म्हणाली. "एकच?"

मालकांनी टेबलावरचा लोखंडी पेपरवेट उचलून काचेवर हाणला. काच फुटली, साधी होती, लांब लांब पाती उडाल्या. त्यातली एक घेऊन हा सत्तर वर्षांचा माणूस पोरीच्या गळ्यावर गेला. मी खुर्चीत अडकलो होतो. भट्टीवाला अडकला नव्हता. त्यानं उघड्या हातानं पात धरली. ती तळव्यातून आरपार शिरली, रक्त त्याच्या कोपरापर्यंत आलं, तरी त्यानं मूठ सोडली नाही. बाईंनी खुर्ची उचलून मालकांच्या दंडावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

चिठ्ठीवर रक्त उडालं होतं. पण अक्षर वाचता येत होतं.

७

चाळणीच्या वह्या त्याच्या घरातच होत्या, फुटलेल्या खिडकीखालच्या पेटीत. भट्टीत गेलेली प्रत्येक काच त्यानं हातानं उतरवून ठेवली होती. सगळे ज्यांना हसायचे त्याच कागदांनी शाळेची चौकशी पूर्ण केली. भट्टीवाल्यावर खटला चालेल, त्यानं स्वतःच जबाब दिला. उजवा हात त्याला पुन्हा नीट वापरता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

तिसऱ्या दिवशी कामगार चाळणीच्या घरी गेले, खांद्यावर तावदानं घेऊन. त्याच्या बायकोनं डोक्याची पट्टी सावरत दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. ते संध्याकाळपर्यंत काचा बसवत होते.

मी अहवाल टाइप केला. ई-मेलमधली फाईल मृतानं उघडलेली नाही, उलट ती उघडू नये म्हणून त्याचा जीव गेला, हे वाक्य बाईंनी मला तीनदा लिहायला लावलं, मनासारखं होईपर्यंत. त्याची प्रत लेकीला हवी होती. मी ती ई-मेलला जोडून पाठवून दिली आणि चहाला उठलो.

फोन वाजला.

"साहेब, मी बोलतेय. तुम्ही मला काही पाठवलंय का?"

"हो, अहवाल आहे. उघडा ना."

"तुम्हीच पाठवलाय? किती पानं?"

मी हसणार होतो. पण मी निमूटपणे पानं मोजली.

"चार."

"थांबा हं, लिहिते," ती म्हणाली. पेन्सिल कागदावर फिरल्याचं ऐकू आलं, मग चिठ्ठी सुईला टोचल्याचं. "उघडते आता."